समुद्र आणि उंबरठा

उस्मानपुऱ्यातील एका तरुणाने आम्हांस विचारिले, "परदेशी जाऊन पवित्र शास्त्र शिकविणे हीच सर्वांत थोर सेवा नव्हे काय?"

गॉर्डन हॉल साहेब १८१३ साली अमेरिकेहून मुंबईस आले. जहाजाचा प्रवास काही महिन्यांचा. परंतु मराठी शिकून लोकांत मिसळणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम झाले. १८२६ साली नाशिककडील सुवार्ताफेरीत पटकीने त्यांचा अंत झाला. उलटपक्षी, आपल्या याच शहरी ज्यांनी सेवा केली ते रेव्हरंड रतनजी नवरोजी जन्माने पारशी. त्यांस येथे येण्यास समुद्र ओलांडावा लागला नाही. स्वजातीचा उंबरठा मात्र ओलांडावा लागला. यांपैकी सोपे कोणते, हे कोणी सांगावे?

ज्यास प्रभूचे पाचारण आहे त्याने अवश्य परदेशी जावे. परंतु जो शेजाऱ्याच्या ओसरीवर बसत नाही, तो परमुलखात कोणाच्या ओसरीवर बसेल? आम्ही त्या तरुणास विचारिले, "तुझ्या गल्लीतील आजारी म्हाताऱ्याकडे कधी गेला होतास?" तो उगाच राहिला. आमचीही मान खाली गेली. कारण आम्हीही गेलो नव्हतो.

त्या सायंकाळी आम्ही दोघे मिळून गेलो. वाचकहो, आपणही आज एक उंबरठा ओलांडावा.