चुलीतला विस्तव

निबंधाला ‘त्याग’ हा विषय दिला की मुलांच्या वह्या दधीचीच्या अस्थींनी भरून जातात. मीही आजवर त्यांना सढळ हाताने गुण देत आलो. यंदा मात्र एका वहीशी अडखळलो. ‘देशासाठी त्या गावाने त्याग केला,’ असे मुलाने लिहिले होते, आणि मला नुकताच वाचलेला वेल्समधला एपिंट डोंगर आठवला.

ब्रेकन शहराच्या उत्तरेला तो पसरला आहे. उघडाबोडका, वाऱ्याचा, मेंढरांचा. १९४० साली ब्रिटनच्या युद्धखात्याने तोफांच्या सरावासाठी तो ताब्यात घेतला. ५४ शेतघरे उठली, २१९ माणसे उठली. शाळा मिटली, प्रार्थनामंदिर ओस पडले. भोवतालची गावे राहिली. पण त्यांच्यामधून वेल्श बोलणारी एक अख्खी वस्ती पुसली गेली.

एक शेतकरी मात्र पुन्हा पुन्हा आपल्या रिकाम्या घरी येई आणि चुलीत विस्तव पेटवून जाई. भिंतींना ओल धरू नये म्हणून! युद्ध संपले की परतायचे, तेव्हा घर कोरडे नको का? अखेर एके दिवशी त्याला सांगण्यात आले, आता येऊ नका. घर सुरुंगाने उडवले आहे.

हे मी घरी सांगितले, तेव्हा ही म्हणाली, “आणि हिटलर आला असता म्हणजे?” तिचेही खरेच आहे. सैन्याला जागा हवीच होती. ती घेऊ नये होती असे म्हणण्याची माझी छाती नाही. पण दधीचीकडे देव मागायला गेले होते, आणि तो ‘घ्या’ म्हणाला. एपिंटवर आली ती नोटीस. शिवाय युद्ध १९४५ साली संपले. डोंगर काही परत मिळाला नाही. आजही गोळीबार असला की तिथे लाल निशाण चढते. जिथून माणसे उठवली, तिथेच सैन्याने पुढे लढाईच्या सरावासाठी एक लुटुपुटुचे गाव बांधले. त्यात देऊळदेखील आहे!

घेणाऱ्याने घेतले, आणि देणाऱ्याच्या नावावर पुण्य मांडले. मग त्या विस्तव पेटवणाऱ्याला काय म्हणावे? त्याने तर शेवटपर्यंत काही सोडलेच नव्हते.

ती वही अजून टेबलावर आहे. ‘केला’ या शब्दाखाली मी लाल रेघ ओढली आहे. समासात काय लिहावे, ते सुचलेले नाही.