खिचडीचा हिशेब कोणी करायचा?

परिपाठ आणि हजेरी आटोपली की जिल्हा परिषदेच्या शाळेत तांदूळ मोजला जातो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५०. डाळ अनुक्रमे २० आणि ३० ग्रॅम. वरच्या वर्गांत पट ६०, हजर ५२, तर तांदूळ किती? ७ किलो ८०० ग्रॅम. हे गणित मुख्याध्यापक एकटेच सोडवतात आणि पोषण आहाराच्या रजिस्टरात टिपतात. भिंतीपलीकडे सातवीची मुलं मात्र कुणी कधी न पाहिलेला हौद दोन नळांनी भरत बसलेली असतात.

शाळेत अन्न शिजतं, पुस्तकात आहाराचा धडाही असतो. दोघांची गाठ तेवढी पडत नाही.

विज्ञानाच्या तासाला खिचडीइतकं सोयीचं साधन दुसरं नाही. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ती उणीव तांदूळ भरून काढतो. आजीला हे शब्द ठाऊक नव्हते, पण वरणभात तिनेच चालू ठेवला.

इतिहासाला एकादशीचं ताट पुरेल. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो तो कसावा, ही सगळी मंडळी मुळात अमेरिका खंडातली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, तेव्हा यातलं काहीही आपल्याकडे पिकत नव्हतं. आपला ‘पारंपरिक’ उपवास जहाजातून आला, हे कळल्यावर सागरी व्यापाराचा धडा घोकावा लागणार नाही.

रोजच्या कामातूनच शिकवायचं, हा विचार महाराष्ट्राला नवखा नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी कामातून शिक्षणाचा, म्हणजेच ‘नई तालीम’चा आग्रह धरला. त्याच नई तालीमच्या वाटेवरच्या सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत शेती आणि स्वयंपाक हा शिक्षणाचाच भाग आहे.

एक भीती मात्र खरी आहे. ‘आहारशिक्षण’ म्हटलं की नवं पुस्तक, नवं प्रशिक्षण आणि शिक्षकांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर येतं. वर कुणाच्या डब्यात वेफर्स आहेत यावर प्रवचन, म्हणजे ज्या आईला पहाटे कामाला जावं लागतं तिच्या पोराने वर्गात मान खाली घालायची. ते नकोच.

मुख्याध्यापकांनी एवढंच करावं: उद्या तांदूळ मोजताना सातवीतल्या चौघांना बोलवावं आणि काटा त्यांच्या हाती द्यावा. रजिस्टरातला आकडा त्यांनीच काढू दे.