सोवळ्याचे थेंब

मार्गशीर्षात आमच्या डोंबिवलीत हवा कोरडी असते. सकाळी वाळत घातलेलं धोतर दुपारपर्यंत खडखडीत होतं. पारायणाचं सोवळं म्हणजे आदल्या दिवशी धुऊन, कुणाचा स्पर्श होणार नाही असं वाळवलेलं वस्त्र. कल्याणला वाड्यात होतो तेव्हा आई ते काठीने उंच दांडीवर टाकायची. आम्हा पोरांना त्याखालून जायचीही बंदी. ठिबकलेलं पाणी अंगणातल्या मातीत जिरायचं. आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दोरी ग्रिलच्या बाहेर, आणि खाली माणसं राहतात!

गेल्या दत्तजयंतीच्या सप्ताहाचा पहिला दिवस. पहिल्या दिवशी नऊ अध्याय वाचायचे. दुसऱ्या दिवसाचं सोवळं पिळून दोरीवर टाकलं आणि वाचायला बसलो. घरात दुसरं कुणी नव्हतं. आठवा संपत आला तेव्हा खालून काकूंची हाक आली, "अहो भाऊ, पाणी पडतंय. नातवाचा गणवेश वाळत घातलाय!" वाचताना मध्येच उठायचं नाही, बोलायचं नाही. मी आवाज जरा मोठा केला आणि वाचत राहिलो.

पुढचा अध्याय रजकाचा. कुरवपूरच्या नदीवर लोकांचे मळके कपडे धुणारा माणूस, श्रीपाद श्रीवल्लभांना रोज नमस्कार करणारा. राजाचं वैभव बघून त्याच्या मनात इच्छा आली, ती स्वामींनी जाणली आणि पुढच्या जन्मी राज्य दिलं. मी मात्र दुसऱ्याचे धुतलेले कपडे भिजवून त्याची कथा वाचत होतो.

वाचन मोडू नये हा नेम खराच. मन भटकू नये म्हणून तो आहे. पण माझं मन त्या गणवेशापाशीच होतं. आसन तेवढं हललं नाही. बँकेत जन्म गेला, एकाच्या जमेला दुसरीकडे नावे पडतंच हे मला कुणी शिकवायला नको. माझं सोवळं कुणाच्या नावे पडलं? अवधूतांनी चोवीस गुरू केले, त्यात दुसरा वारा. तो काही सोवळं-ओवळं बघून वाळवत नाही.

संध्याकाळी खाली गेलो. काकू गणवेशावर इस्त्री फिरवत होत्या. "वाचताना उठायचं नसतं, ठाऊक आहे मला," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे सहा दिवस सोवळं घरातच, पंख्याखाली वाळवलं. पहाटे नेसताना काठ ओलसरच लागायचे.