जनीचा वाटा

गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट सांगताना आपण विठोबाला जात्यावर बसवतो आणि तिथंच रमतो. त्याआधीचं राहून जातं. गोदाकाठचं एक लहान पोर गाव सोडून पंढरपुरात आलं आणि नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिलं. आजच्या सरकारी भाषेत स्थलांतरित बालमजूर. घरानं तिला भाकरी दिली, आसरा दिला, दळणकांडण दिलं. तेवढ्यानं ती त्या घरची झाली का? परंपरेनं याचं उत्तर दुसऱ्या एका कथेत ठेवलं आहे. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा पण केला, तो घरातल्या माणसांत वाटून घेतला, आणि त्या वाटणीत जनीचंही नाव आलं. इतिहास म्हणून ही कथा टिकायची नाही, तो आकडा तर नाहीच. पण ज्यांनी ती सांगितली त्यांना आश्रिताचं दुखणं नेमकं ठाऊक होतं. पंगतीत पान मांडलं की पाहुणा तृप्त होतो. घरचा व्हायला घराच्या पणात वाटा लागतो.

त्याच गंगाखेडातून, शेजारच्या पालम-सोनपेठमधून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. हिशेबाचं माप कोयता: नवरा-बायको मिळून एक, एकटं माणूस अर्धा. पोरं मापात नाहीत, कामात आहेत. बारा वर्षांची मुलगी पहाटे कोपीत भाकरी थापते, धाकट्याला कडेवर घेऊन फडावर जाते, वाढ्याच्या पेंढ्या बांधते. या मुलांसाठी काहीच झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. साखरशाळा निघाल्या, गावी मागं राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं आली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानं वयानुरूप वर्गात बसण्याचा अधिकार दिला, परगावच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी कार्ड आलं, आणि २०२१ मध्ये राज्यानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना संत भगवानबाबांच्या नावानं जाहीर केली. सगळ्याचा रोख मुलाला जागा मिळावी हा. पण जागा मिळते तिथंही, कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की हे जाणारच म्हणून ते मागच्या रांगेत बसतं, आणि ‘ऊसतोडीची पोरं’ एवढंच त्याचं नाव उरतं. कुणी सेवाभावी तरुण संध्याकाळी येऊन त्याची शिकवणी घेतो. चांगलंच आहे ते. तरी सहा महिने नुसतं घेत राहिलेलं मूल त्या शाळेत पाहुणंच राहतं, आणि पाहुण्याला कधी ना कधी विचारलं जातं, निघणार केव्हा? माझं म्हणणं इतकंच की शिकवणी पुरी होते ती शिकणाऱ्यानं पुढं कुणाला तरी शिकवल्यावर.

अतिथीला देव मानण्याचा आपला आवडता उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आहे. तो कुणाला केला आहे हे मात्र आपण विसरतो. विद्या पुरी करून गुरूच्या घरून निघालेल्या विद्यार्थ्याला, म्हणजे इतकी वर्षं दुसऱ्याच्या घरी जेवलेल्या मुलाला. त्याच उपदेशात, स्वतः शिकण्यात आणि दुसऱ्याला शिकवण्यात हयगय करू नको, असंही त्याला बजावलं आहे. दोन्ही एका दमात. ही जोडी मला पाहुण्याच्या देवपणापेक्षा मोलाची वाटते, कारण देव्हाऱ्यातल्या देवाला कुणी काम सांगत नाही. त्या गुरुगृहाचं दार मोजक्यांनाच उघडं होतं, हे खरं. पुढं वार लावून जेवणाऱ्या मुलांची चाल आली, तिलाही जातीचं कुंपण होतंच, शिवाय आज या दारी, उद्या त्या दारी असं मिंधेपण. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं तेव्हा कुंपण आणि मिंधेपण दोन्ही मोडलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत आली, आणि भाकरी भाजण्यापासून शेतातल्या कामापर्यंत सगळं त्यांनी स्वतः केलं. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी खेड्यातून शिकायला येणाऱ्यांसाठी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. तिथं राहून गेलेले विद्यार्थी पुढं तिचेच कार्यकर्ते झाले. याला परतफेड म्हणू नये. परतफेड उचलीची असते, आणि उचलीनं माणूस बांधला जातो.

यावरचा सगळ्यांत टोकदार आक्षेप असा की जी पोर आधीच घर ओढते आहे तिच्यावर आणखी जबाबदारी कसली टाकता? आक्षेप खरा आहे, आणि तो जनीच्या कथेलाही लागतो. अभंगांत वाटा मिळाला तरी तिचं जातं सुटलं नाही. ती अखेरपर्यंत स्वतःला नामदेवाची दासीच म्हणवत राहिली. म्हणून वाटा आणि ओझं यांच्यामधली रेघ पुसू देता कामा नये. ओझं विचारून दिलं जात नाही. वाट्याला नाही म्हणायची सोय असते, आणि तो उचलला की उचलणाऱ्याचं नाव होतं. तेव्हा आधी तिच्या कडेवरचं भावंड अंगणवाडीत पोचलं पाहिजे. मगच तिला विचारावं, पहिलीतल्या चार पोरांना अंक शिकवशील का? ती शिकवील कशाच्या बळावर, अशी शंका येत असेल तर तिच्या कानावरून रोज काय जातं ते पाहावं: आज किती टन भरला, उचलीतून किती फिटलं, किती अंगावर राहिलं. वर्गातल्या बहुतेकांना टन हा शब्द पुस्तकातच भेटतो. दुसरा आक्षेप, स्वयंसेवक पुढं आले की सरकार हात झटकतं. झटकतंच. शिक्षक, वसतिगृह, पोषण आहार हे हक्काचं आहे, ते भांडूनच घ्यावं. पण शेजारच्या बाकावरची मैत्रीण शासननिर्णयानं मिळत नाही. आणि पाच-सहा महिन्यांत निघून जाणाऱ्याला कसलं पुढारपण देता, असं म्हणणाऱ्यांनी वारी आठवावी. ती तीन आठवड्यांत संपते म्हणून दिंडीत कुणाच्या गळ्यात वीणा घालायची नाही, असं अजून तरी कुणी ठरवलेलं नाही.

या मुलांच्या गावच्या, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या शाळांना हे पाहुणेपण दुसऱ्या टोकानंही भोगावं लागतं. हंगाम संपवून मुलं परत येतात तेव्हा परीक्षा होऊन गेलेल्या असतात, मित्र पुढच्या वर्गाचं बोलत असतात, आणि ती आपल्याच गावात नवखी झालेली असतात. मुख्याध्यापकांना विनंती आहे: जूनमध्ये त्यांची नावं हजेरीपटावर परत चढवाल तेव्हा बुडलेल्या धड्यांची यादी दोन दिवस बाजूला ठेवा. आधी पुस्तकपेटीची किल्ली त्यांच्यातल्या एकाच्या हातात द्या. दिवाळीला टोळी निघायच्या आत ती पुढं कुणाकडे सोपवायची, तेही त्यालाच ठरवू द्या.