भैरीबुवापुढे चुलीचं गाऱ्हाणं

बा देवा भैरीबुवा, रत्नागिरीच्या बारा वाड्यांच्या राखणदारा, नारळ-विडा ठेवून आज तुझ्यापुढे उभे आहोत ते आमच्या चुलीसाठी. नोकरीधंद्याची, दुखण्याबाण्याची गाऱ्हाणी तू नेहमीच ऐकतोस. आज हे ऐक.

आमच्या घरात शिजतं ते बहुतेक कुठे लिहिलेलं नाही. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’ लिहिलं, १९७० साली कमलाबाई ओगल्यांनी ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप दिलं, परगावी संसार मांडणाऱ्या कितीजणींना त्यांचा आधार झाला. ते पुण्य त्यांना लाभू दे. पण उकड किती मळली म्हणजे मोदकाची पारी चिरत नाही, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती ठेचायची, बरक्या फणसाच्या रसात तांदळाचा रवा किती मावतो, हे आमच्याकडे अजून आई-आज्यांच्या बोटांतच आहे. आणि ती बोटं आता थकली आहेत, महाराजा.

म्हणून मागणं असं. ‘अंदाजाने घाल’ म्हणून आजी मोकळी झाली, तर तिच्या मुठीतलं पीठ तिथल्या तिथे वाटीने मोजून घ्यायची बुद्धी आम्हाला दे. कुणी सासू हातचं राखून सांगत असेल, कुणी सून ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणून ऐकत नसेल, तर दोघींच्या मनातली अढी काढ.

हे सगळं लेकीसुनांच्याच माथी मारू नकोस. पंगती उठेपर्यंत ओट्याशी उभं राहून ज्यांच्या पायांत गोळे आले, त्यांच्या कष्टांना आम्ही नुसतं ‘हाताची चव’ म्हणत आलो. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला पानावर बसण्याआधी नारळ खवायला बसव. मुलग्याचा पहिला मोदक फुटला तर तो त्यालाच खायला लाव, पण दुसरा वळायला दे.

चव ज्यांच्यावर उभी आहे ते जिन्नसही राख. पातोळ्यांसाठी परसात हळद राहू दे, भातामागून कुळीथ पेरणारा टिकू दे, रातांब्यावर कुऱ्हाड उचलणाऱ्याचा हात धर. २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण सालं रसमिठात बुडवून पुन्हापुन्हा उन्हात घालणारं कुणी उरलं नाही, तर त्या कागदाची सोलकढी होत नाही.

घरोघरची चव वेगळी राहू दे. कुणाची सांदणं फणसाच्या रसातली, कुणाची नारळाच्या दुधातली. वाटणात कुठे भाजलेला कांदा, कुठे नुसतं ओलं खोबरं. आपलंच खरं म्हणून भांडायची दुर्बुद्धी कुणाला देऊ नकोस. मुंबईत, आखातात गेलेल्या पोराला तिरफळ मिळालं नाही, तर त्याच्या कालवणाला नावं ठेवू देऊ नकोस; करण्याआधी घरी एक फोन करायची आठवण मात्र त्याला दे.

काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल. आणि दर पिढीत, दर घरात एकजण तरी असा ठेव, जो स्वतः करील आणि दुसऱ्याला शेजारी उभं करून शिकवील. होय महाराजा!