‘मॅडम, सोपा व्हिसा कोणता?’

मोबाइल पालथे ठेवा. सगळ्यांनी. आज जर्मनचा धडा पुढे सरकणार नाही. वर्गात पाऊल टाकण्याआधी जिन्यातच तिघांनी मला गाठून विचारलं, ‘मॅडम, जर्मनीत कायमचं जायचंय, सोपा व्हिसा कोणता?’ गृहपाठ मात्र तिघांपैकी एकाच्याही वहीत नाही.

सोपा म्हणजे काय रे? बिनअभ्यासाचा? तो मुंबईच्या जर्मन वकिलातीत मिळत नाही, कन्सल्टन्सीच्या गुळगुळीत पत्रकात मिळतो.

तू, चाकणहून येतोस तो, ऊठ. ती पावती दाखव सगळ्यांना. दीड लाख रुपये, ‘चान्सनकार्ट पॅकेज’, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘पैसे परत मिळणार नाहीत’. परवाना क्रमांक कुठाय? परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर त्याचं नाव सापडायला हवं. नोंदणी असली तरी तीस हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. तुझा एजंट म्हणेल, मी नोकरी लावत नाही, नुसता सल्ला देतो. मग दीड लाखांचा कोणता सल्ला दिला त्याने? ‘मेक इट इन जर्मनी’ या तिथल्या सरकारच्या साइटवर जे फुकट वाचायला मिळतं, तेच ना? भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी तुम्ही माणसं, इथे बरे डोळे मिटून पैसे मोजता!

आता ते चान्सनकार्ट. १ जून २०२४पासूनची सोय. फळ्याकडे बघा. वय पस्तिशीच्या आत, दोन गुण. गेल्या पाच वर्षांत आपल्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव, दोन. तुटवड्याच्या यादीतला पेशा, एक. सी-वन इंग्रजी, एक. झाले सहा, आणि लागतात सहाच. जर्मनचा एक शब्द न येता! म्हणजे एजंट इथे खोटं बोललाच नाही, आणि नेमके तिथेच तुम्ही फसता. हे कार्ड म्हणजे नोकरी नव्हे. वर्षभर तिथे राहून नोकरी शोधायची मुभा, बस. तोवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. पोट कसं भरणार, ते मात्र आधीच दाखवावं लागतं. २०२५च्या हिशेबाने महिन्याला १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२. बहुतेक जण एवढी रक्कम ब्लॉक्ड अकाउंटात ठेवतात. तू कुठून आणणार? वडिलांची एफडी मोडून? आणि वर्षभरात नोकरी नाही लागली, तर? श्टुटगार्टच्या आसपास लहान लहान गावांत कारखाने आहेत, तुझ्यासारखा मेकॅनिकलचा मुलगा त्यांना हवाही असतो. पण शॉप फ्लोअरवरचा फोरमन तुझ्याशी इंग्रजीत बोलेल, हे तुला कोणी सांगितलं?

नोकरीचं पत्र हातात असेल तर या कार्डाची गरजच नाही. मग सरळ ब्लू कार्ड. २०२५ साली त्यासाठी वर्षाला ४८,३०० युरो पगार लागत होता. तुटवड्याचे पेशे आणि पदवीला तीन वर्षं न झालेली मुलं यांना ४३,७५९.८०. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, तेव्हा मावसभावाच्या वेळचा आकडा मला ऐकवू नका.

पण पगाराच्या आधी पदवी. ‘अनाबिन’ नावाची जर्मन यादी आहे. तिथे आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ दिसलं पाहिजे, आणि आपली पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे अशी नोंदही पाहिजे. विद्यापीठ सापडलं आणि पदवी नाही सापडली, तर तुलनेचं पत्र वेगळं मागवावं लागतं, त्यात वेळ जातो. यादी बघायला दहा मिनिटं पुरतात. कोणी बघितलीय? हात वर करा. एक. तीही माझ्या धाकाने.

आता तुमचं लाडकं पीआर. ब्लू कार्डावर २७ महिने नोकरी करून पेन्शनची वर्गणी भरली आणि ए-वन जर्मन असलं, की कायमचा परवाना मागता येतो. बी-वन असलं तर २१ महिन्यांत. सहा महिने वाचतात, ते या वर्गात वाचतात, एजंटच्या केबिनमध्ये नाही. ब्लू कार्डाएवढा पगार नसलेल्या कुशल कामगाराला सर्वसाधारणपणे तीन वर्षं लागतात, आणि त्याला बी-वन चुकत नाही. तुझ्या बी-वनच्या परीक्षेचं काय झालं? वाचन, श्रवण, लेखन सुटलं, बोलण्यात एक्केचाळीस. लागतात साठ. अडलेलं एकच मॉड्यूल पुन्हा देता येतं, तरी फॉर्म भरला नाहीस. का? तर एजंट म्हणाला, ‘लँग्वेज नंतर बघू.’

नर्सिंगच्या मुलींनो, हसू नका. तुमच्या डिप्लोमाला तिथल्या राज्याची मान्यता लागते, कमी पडलं तर परीक्षा किंवा प्रशिक्षण, आणि बहुतेक ठिकाणी भाषा बी-टू. तोवर तिथे मदतनीस म्हणून राबावं लागतं. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार केला, हे मलाही ठाऊक आहे. सरकार तुमच्या तोंडात धातुरूपं कोंबायला येणार नाही.

आणि ‘कायमचं’ म्हणताना जरा जीभ आवरा. तो परवाना मिळाल्यावरही साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलात, तर तो रद्द होतो. मुदतवाढ आधी मागून घ्यावी लागते. आईचं ऑपरेशन निघालं, वडील एकटे पडले, तर हा नियम आड येतो. तिथलं नागरिकत्व घेतलंत तर भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. घरी बसून हे बोललायत कधी? की आईला फक्त पगाराचा आकडा सांगितलाय?

पुरे. तू उभाच राहा. ई-मायग्रेटवर त्या एजंटचं नाव शोधून उद्या मला दाखव, आणि येताना मॉड्यूलचा भरलेला फॉर्म घेऊन ये. आता सांग, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस. पर्फेक्ट काळात. कुठे ‘हाबेन’ आणि कुठे ‘झाइन’, चुकलास तर पुन्हा पहिल्यापासून.