परकोट आणि संबंध

बडनेऱ्याहून अमरावतीस येऊन जवाहर दरवाजातून आत शिरले, की पेंढाऱ्यांपासून सावकारांच्या पेढ्या आणि व्यापाऱ्यांची दुकाने सुरक्षित राहावीत म्हणून निजामाच्या अमदानीत १८०७ साली ज्याचे काम सुरू झाले, तो परकोट आज स्वतःच रक्षणाची याचना करीत उभा असलेला दिसतो. जे स्वभावतःच नाशवंत, ते कायद्याने राखण्याचा अट्टाहास हा मोह नव्हे काय? अद्वैती हा प्रश्न ‘सारे दृश्य मिथ्याच’ एवढ्या एका वाक्यात निकालात काढील. परंतु याच जिल्ह्यातील रिद्धपूरचे महानुभाव पंथीय एका परमेश्वरावाचून अन्य देवतेस न भजताही त्याचे अवतार चक्रधरस्वामी व गोविंदप्रभू जेथे बसले-उठले त्या स्थानांना दंडवत घालतात, आणि त्या स्थानांची तपशीलवार नोंद ‘स्थानपोथी’त जतन करतात; तेथे पाषाण पूज्य ठरतो तो केवळ संबंधामुळे. अवतारसंबंधाचा हा न्याय परकोटाआतल्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या जुन्या दुकानास लावणे कोणा महंतास रुचणार नाही, हे उघड आहे. तरीही कौले, तुळया आणि मालक बदलूनही जेथे पिढ्यान्‌पिढ्या उधारी विश्वासावर चालली, तेथे संबंधच नाही असे कसे म्हणावे? मात्र वारसा म्हणून दप्तरी नोंद करून सरकारी कुलूप ठोकलेल्या दुकानात तो संबंध कितपत उरेल, याविषयी मी साशंक आहे.